एलंडच्या कातड्यावरची पाच भोकं

शारजाच्या औद्योगिक भागात आमचं वर्कशॉप आहे. आफ्रिकेत मारलेल्या जनावरांची कातडी येतात, आम्ही ती कमावून, भरून भिंतीवर लावण्याजोगी करतो. तिथली कामं, माणसं आणि याद्या मी सांभाळते. प्रत्येक कातडं आलं की लिहायचं: जनावर, लांबी, भोकं किती, कुठे.

त्या सकाळी दुबईतल्या अल बर्शाच्या घरून निघतानाच अंग जड होतं. पोचले तर गिऱ्हाईक आधीच येऊन बसलेलं. त्याचं एलंड होतं, बैलाहून मोठं आफ्रिकी हरीण.

"मी एकच गोळी मारली, मॅडम. पाच भोकं कशी? तुमच्या माणसाने मशीनवर फाडलं."

तो माणूस म्हणजे आमचे चाचा. रत्नागिरीकडचे, कातडं पातळ करणारे आणि शिवणारेही. मालकांचा मला फोन येऊन गेला होता: चूक चाचांची निघाली तर व्हिसा कॅन्सल.

मी यादी दाखवली. पाच भोकं पहिल्याच दिवशी लिहिलेली होती.

"यादी तुम्हीच लिहिता," तो म्हणाला.

बरोबरच होतं. मी चाचांना कातडं पसरायला सांगितलं.

"शेठ, मशीनने चीर पडते," चाचा म्हणाले. "गोल भोक पाडायला मशीनला काय ड्रिल लावलाय?"

मग कातड्यातून निघालेलं काय काय जपून ठेवलेली कागदाची पुडी त्यांनी उघडली. मशीनवर घालण्याआधी ते कातडं बोटांनी चाचपतात. गोळीचं तांबं आणि शिसं चुंबकाला लागत नाही, आणि एक कपचा राहिला तर पात्याला दाते पडतात. खांद्यावरच्या एका भोकाभोवती मूठभर कपचे निघाले होते. बाकी चार भोकं स्वच्छ, डावीकडे दोन आणि समोरासमोर उजवीकडे दोन, जरा मोठी.

मी गोळी कुठली ते विचारलं. त्याने फोनवर फोटो दाखवला. वेगवान, पातळ आवरणाची.

"ही लगेच फुलते," मी म्हटलं. "लहान हरणाला ठीक आहे. एलंडच्या फऱ्याच्या, खांद्याच्या रुंद हाडावर फुटून तिचा चुरा होतो, फुप्फुसापर्यंत पोचत नाही. म्हणून पलीकडे भोक नाही. बाकीची चार भोकं दोन गोळ्यांची. त्या जाड आवरणाच्या होत्या, अख्ख्या राहून आरपार गेल्या. त्या तुमच्या नाहीत."

तो कातड्याकडे बघत शिकारीचं सांगू लागला. गोळी लागून जनावर झुडपात पळालं, शिकारीवर नेणाऱ्या वाटाड्याने याला गाडीपाशी थांबवलं आणि तो एकटा जनावरामागे गेला. गोळीचे दोन आवाज ऐकू आले होते. वाटाड्या म्हणाला, खात्रीसाठी हवेत मारल्या.

"मुलाला सांगून बसलोय, एका गोळीत पडलं."

समजूत घालायला माझ्यात त्राण नव्हतं. पुढच्या वेळी काय नेऊ, असं त्याने विचारलं, तेव्हा कागदावर लिहून दिलं. जाड आवरणाची किंवा अख्खी तांब्याची गोळी. वजनाने जड. आणि जखमी जनावरामागे स्वतः जा. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली.

दारातूनच त्याने मालकांना फोन लावला. "खलास, मिटलं. तुमच्या माणसाची काही चूक नाही," एवढंच बोलला. चाचांकडे बघितलं नाही.

चाचा कातडं गुंडाळत होते.

"म्हणजे मॅडम, उद्या यायचं ना?"

"या. आठ वाजता. एलंडची भोकं तुम्हीच शिवा."

"पाची?"

"पाची," मी म्हटलं, आणि यादीत एलंडसमोर त्यांचं नाव लिहिलं.