मामोसाची भिंत

मामोसा चुलीपुढे बसून उजव्या हाताने ज्वारीची आंबील ढवळत होती आणि डाव्या हाताची बोटं मांडीवरच्या घोंगडीवर फिरवत होती. पहाटे झोपेत नक्षी दिसली होती. नांगराची तासं वळत वळत जावीत आणि मधेच त्यांची चार पाकळ्यांची फुलं व्हावीत, तशी. वाफ डोळ्यांवर आली की त्या वाफेतही ती हलायला लागे. विसरायच्या आत बोटांना शिकवून ठेवायला हवी होती. ईस्टरला नऊच दिवस उरले होते.

तेवढ्यात दार वाजलं. चर्चच्या महिला मंडळाची मापुलेंग उभी होती, गालात हसू दाबून.

“म्मे,” आईला हाक मारावी तशी ती म्हणाली, “काल संध्याकाळच्या गाडीनं आलात ना मासेरूहून, लेकीकडून? नात कुणावर गेलीय?”

“आजोबांवर. खायला मिळेपर्यंत कुणाचं ऐकत नाही.”

“मग ओळखीचीच म्हणायची. चला, घोंगडी पांघरा. दाखवायचंय काहीतरी.”

“आंबील तरी घे.”

“आल्यावर घेते. तुम्ही गेल्यापासून तीन आठवडे पोटात ठेवलंय, आता राहवत नाही.”

वाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी फुलं कमरेइतकी वाढली होती. धुकं अजून डोंगरावरून उठलं नव्हतं, त्यामुळे चर्चचा घंटेचा मनोरा नुसता हवेत तरंगल्यासारखा दिसत होता. मामोसा चालत होती आणि पाकळ्या मोजत होती.

या गावात ती सून म्हणून आली त्या दिवशी सासूने रिवाजाप्रमाणे, पुढे होणाऱ्या बाळावरून तिचं नाव ठेवलं मामोसा, म्हणजे मोसाची आई. मोसा जन्मली त्यानंतर चार वर्षांनी. त्याच साली सासूचा हात मोडला आणि चर्चशेजारच्या सभागृहाची भिंत सारवायची बादली सुनेच्या हातात आली, ती एकतीस वर्षं तिथेच राहिली. ओढ्याकाठची तांबडी माती, ताजं शेण, पायांनी मळलेलं. दरवर्षी ईस्टरआधी सारवायचं आणि ओलं आहे तोवर बोटांनी आणि एका वाकड्या काट्याने रेघा ओढायच्या. पैसे कुणी दिले नाहीत, तिने मागितलेही नाहीत. नवरा परमुलखातल्या खाणीत होता, पत्रं येत नव्हती, त्या वर्षांत ती भिंतीशीच बोलायची. नवरा खोकला घेऊन परतला आणि चर्चमागे मातीत गेला, त्याही वर्षी तिने नक्षी काढली. दरवर्षीचा पाऊस ती सगळी धुऊन न्यायचा. तिला कधी वाईट वाटलं नाही. वरच्या वाडवडिलांना आवडली म्हणूनच पाऊस येऊन घेऊन गेला, असंच सगळे म्हणत. मग रिकाम्या भिंतीसाठी तिला पुन्हा झोपेत नवी दिसायची.

“आता डोळे उघडा,” मापुलेंग म्हणाली, जरी मामोसाचे उघडेच होते.

सभागृहाला सिमेंट लावलं होतं. राखाडी, सपाट. आणि त्यावर तांबड्या-पांढऱ्या तैलरंगात नक्षी होती. तिचीच, गेल्या वर्षीची.

“माझ्या फोनमधल्या फोटोवरून उतरवली. पुरुषांनी सिमेंट लावलं, आम्ही रंगवलं. तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी, म्मे. आता पन्नास वर्षं पाऊस हिचं काही करू शकत नाही.”

मामोसाने हात लावला. भिंत ताटासारखी थंड आणि गुळगुळीत होती. गेल्या वर्षी जे पावसाला देऊन टाकलं होतं, ते कुणीतरी त्याच्या हातातून ओढून परत आणलं होतं.

तरुण फादर मोखेथी किल्ल्या वाजवत आले. “रेघांत काही चुकलं का?”

“नाही फादर. मोजून काढल्यात. माझ्यापेक्षा सरळ आल्यात.”

“ईस्टरला तुमची खुर्ची पहिल्या रांगेत,” मापुलेंग म्हणाली. “या वर्षी नुसतं बसायचं.”

मामोसाने तिचा हात धरला, दाबला. पोरींनी जीव ओतला होता, ते दिसत होतं. पण बसून करायचं काय? बोटं शिवशिवत होती. ती सभागृहाला वळसा घालून चालायला लागली.

“म्मे, कुठे निघालात? तिकडे काही नाही.”

ती थांबली नाही. पहिली भिंत, दुसरी, तिसरी, सगळीकडे सिमेंट. चर्च तर दगडाचंच. ती फादरांच्या घरामागे गेली. तिथे कोंबड्यांचं खुराडं होतं, जेमतेम छातीइतकं उंच, मातीचं, भेगाळलेलं. एक कोंबडी भिंतीलगत उकरत होती. मामोसाने तळवा टेकवला. माती कोवळ्या उन्हाने किंचित ऊब धरत होती आणि तिच्या हाताला थोडी सुटून आली.

फादर आणि मापुलेंग धापा टाकत मागून पोचले.

“फादर,” मामोसा म्हणाली, “या खुराड्याला सिमेंट लावू नका. ही भिंत दरवर्षी मला सारवू द्या.”