क्लिअर, बेड, डार्क

एप्रिलमधला दुसरा मंगळवार, सकाळचे दहा. हजर: अप्पा, म्हणजे माझे वडील, मी, आणि काचांना फिल्म लावायला आलेले अण्णा. नवरा ऑफिसला.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी मालकाने काचा लावून बंद केली आहे. तिला आम्ही काचेची खोली म्हणतो. आई गेल्यावर अप्पा साताऱ्याहून आले आणि त्यांनी तीच धरली. त्यांच्या नजरेचा मधला भाग पुसट होत चाललाय; भरपूर उजेड असेल तर कडेकडेने दिसतं. दर रविवारी ते तिथे बसून जाड स्केचपेनने आत्याला पत्र लिहीत. आत्याला फोनवर ऐकू येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच खोलीत ते चक्कर येऊन पडले. उन्हाला अडवायचं, पण उजेड घालवायचा नाही, असा पेच होता. मी चौकशी केली. उष्णता अडवणारी, तरी आरपार दिसणारी फिल्म मिळते, थोडी महाग. ती काचेच्या खोलीला. बेडरूममध्ये संध्याकाळचं तिरपं ऊन येतं, तिथे साधी गडद चालेल. मालकाची परवानगी घेतली, मापं घेतली, यादीत दोन्हींवर खूण केली.

बेंगळुरूत येऊन सहा वर्षं झाली. माझं कन्नड यादीपुरतं आहे. अण्णांना फोनवर सांगितलं, "ग्लास रूम क्लिअर, बेड डार्क. सरी?"

"सरी, मॅडम." म्हणजे ठीक.

ते आले तेव्हा मी बेडरूममध्ये कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. एक वाजता बाहेर आले तर काचेची खोली गार झाली होती, आणि पावसाळ्यातल्या दुपारसारखी काळोखी. मी विचारलं तर अण्णा हिंदीत म्हणाले, फिल्मखाली साबणाचं पाणी आहे, सुकलं की साफ होईल, आठ दिवस हात लावू नका. ते शिडी उचलायला लागले तशी मी बेडरूमकडे बोट दाखवलं. "बेड?"

"बेडवा? सरी, सरी." आणि गेले. दुसऱ्या खेपेला येतील, असं मी धरून चालले.

आठ दिवस मी वाट पाहिली. रोज सकाळी विचारायची, "अप्पा, बरं वाटतंय ना?"

"गार आहे की एकदम. महाबळेश्वरला आणून ठेवलंयस मला."

नवव्या दिवशी पाकिटावर पत्ता घालायला म्हणून त्यांचं पत्र उचललं. पहिल्या तीन ओळी धड होत्या. चौथी तिसरीवर चढली होती, पाचवी चौथीवर. खाली नुसतं काळं जाळं.

अण्णांना फोन लावला. बरंच मागेपुढे झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपनेही बोला ना. ग्लास रूम, क्लिअर बेड. डार्क."

कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे 'नको'. हा शब्द मला माहीत होता. भाजीवाल्याला मी रोज म्हणते, कोथिंबीर बेड, पिशवी बेड. माझ्या यादीतल्या स्वल्पविरामाने फक्त जागा बदलली होती. आणि दारात बोट दाखवून मी पुन्हा एकदा बेडरूमला नको म्हटलं होतं; त्यांचं 'बेडवा?' म्हणजे 'नको का?'.

"अप्पा, फिल्म चुकीची लागलीय. तुम्हाला दिसलं नाही का, काळी आहे ती?"

"दिसलं की. तेवढं दिसतं अजून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ठरवलं असशील असं वाटलं." ते टेबलावरचं स्केचपेनचं टोपण चाचपत होते. "म्हातारा पडण्यापेक्षा आंधळा बरा. तुझ्या यादीत असंच काहीतरी असेल म्हटलं."

ते हसले. थट्टाच केली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि नुसताच नळ सोडून उभी राहिले.

अण्णा भला माणूस. चूक दोघांची म्हणाले. बोलवाल त्या दिवशी येतो, जुनी खरवडून क्लिअर लावतो. त्याला दोन आठवडे झाले. मी घरातला सगळ्यात मोठा दिवा अप्पांच्या टेबलाशी नेऊन ठेवला आहे. फोन केलेला नाही. घरात कोणी विचारलं तर म्हणते, ऑफिसात गडबड आहे.

खरं कारण यादीत लिहिता येत नाही. क्लिअर फिल्म लागली, उजेड आला आणि ओळी सरळ उतरल्या, तर चूक माझी होती एवढंच. नाही उतरल्या तर दोष फिल्मवर टाकता येणार नाही.

त्याच आठवड्यात अप्पा म्हणाले, "आत्या वाट बघत असेल गं. मी सांगतो, तू उतरवून घे."

"रविवारी बघू," म्हटलं. दोन रविवार गेले. फ्रिजवरच्या यादीत शेवटच्या दोन ओळी तशाच आहेत: अण्णांना फोन. आत्याचं पत्र.