बादशहाच्या पायाशी शेळी

माझे वडील वरवट बकालच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी जयपूरला एका उस्तादाकडे राहून ते मोगल पद्धतीची लघुचित्रं शिकून आले होते. निवृत्तीनंतर आम्ही जळगाव जामोदला राहत होतो. तिथे एकदा तालुक्यातले एक पुढारी घरी आले आणि म्हणाले, "सर, मले बादशहावानी काढा."

असं काम बाबांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. हरखून त्यांनी सगळं समजावलं. डोक्यामागचं सोनेरी वलय म्हणजे सत्ता देवाकडून आली. पायाखालचा पृथ्वीगोल म्हणजे दुनिया मुठीत. आणि पायाशी सिंह नि शेळी शेजारी बसलेली, म्हणजे ह्याच्या राज्यात दुबळ्याला भीती नाही.

"शेळी कायले? नुसता सिंह राहू द्या ना," पुढारी हसले.

"शेळी नसन तर तो राजा कायचा?" बाबा म्हणाले.

साखरेमुळे बाबांच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरत होतं. ऑपरेशन लवकर करा, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मागे लागले की म्हणायचे, "एवढं चित्र होऊ दे, मंग जाऊ." खारीच्या केसांचा कुंचला घेऊन, कागदाला नाक लावून ते शेळीची लव रंगवत बसायचे. चित्र होत आलं तेव्हा पुढाऱ्यांचा माणूस येऊन मोबाइलवर त्याचा फोटो काढून गेला.

चित्र पुरं झालं, पण न्यायला कुणी आलं नाही. फोनही उचलेनात. शेवटी मी बाबांना घेऊन अकोल्याला निघाले. बसस्टँडसमोर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचं भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं. त्यावर बाबांनी काढलेलं तेच चित्र. मी जागीच थबकले.

"काऊन थांबली वं?" त्यांना तेवढं दिसत नव्हतं. मी सांगितलं.

"शेळी हाय का त्याच्यात?"

"नाही बाबा. कापली."

ते मागे वळले. मग म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

मी त्यांना जवळजवळ ओढतच बसमध्ये चढवलं. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि फार उशीर झाला म्हणाले.

बाबांनी पुढाऱ्यांना एक शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मूळ चित्र मी भिंतीवर लावलं, तर "काढ ते" म्हणाले. आता ते खिडकीपाशी बसतात. उजाडलं की मावळलं, एवढंच त्यांना कळतं. मी चहाचा कप हातात देते. तो दोन्ही हातांनी धरून, चहा गार होईपर्यंत ते तसेच बसून राहतात.