पांढऱ्या खुंट्या

लढाईच्या दिवसांत रेल्वेनं लोणावळ्यात रुळांच्या खालच्या अंगाची पडीक जमीन आपल्या नोकरांना भाजीपाल्यासाठी वाटली, तेव्हा माझ्या वाट्याला सगळ्यांत वाईट तुकडा आला. आला म्हणण्यापेक्षा मी तो मागून घेतला. मी आमच्या कुळातला पहिला बी.ए. तळेगावला शाळा केली, पुण्याला कॉलेज केलं आणि रेल्वेच्या कचेरीत कारकून झालो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. वाटपाच्या वेळी हेडक्लार्क हसून म्हणाले की ग्रॅज्युएटाला काय, जमिनीचा कुठलाही तुकडा सारखाच. मी म्हटलं, मग तो घाणेरीचा द्या.

पुरुषभर घाणेरी, तिच्या पोटात करवंदाच्या जाळ्या आणि बुडाशी वर्षानुवर्षं इंजिनांतून झाडलेली राख. अट एकच होती. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या तपासणीला तुकडा पिकाखाली दिसला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्याला. मागणारे पुष्कळ होते, कारण बाजारात भाजी मिळत नव्हती आणि मिळाली तर परवडत नव्हती.

मला मात्र भाजीहून जास्त घोर आबांचा होता. आबा म्हणजे माझे वडील. मावळाच्या वरच्या अंगाला आमचं गाव होतं. ते धरणाखाली गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. भाताची खाचरं गेल्यावर आबा घाटातल्या रेल्वेच्या गँगवर लागले आणि म्हातारे होईपर्यंत खडी बडवत राहिले. परसात कोथिंबिरीचा वाफासुद्धा त्यांनी कधी केला नाही. नोकरी संपली तसे माझ्या क्वार्टरच्या उंबऱ्यात बसून राहू लागले. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवले की पुन्हा तिथंच. आई म्हणायची, मानूस हाय का खांब, तेच कळंना.

तुकडा मिळाल्याचं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दुसऱ्याच्या जिमिनीत मी घाम गाळनार न्हाई. उद्या म्हनत्याल, ऊठ."

दसरा झाल्यावर मी एकट्यानं सुरुवात केली. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर. घाणेरीच्या काट्यांनी हात फाटले, कुदळीनं फोड आले. शेजारच्या तुकड्यात लोको शेडमधले एक फिटर होते. तळेगावाकडचे मुसलमान, बोली आमचीच. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बांधावरून ते विचारायचे, "बाबू, टाकानं खणताय व्हय? दौत आणून देऊ?" मी म्हणायचो, आणा, तुमच्या मुळ्यांवर शेरा मारायचाय. हसत हसत ते आपली पहार माझ्याकडे फेकायचे.

जमीन निम्मीशिम्मी मोकळी झाली तेव्हा आबा एकदा वर रुळांच्या भरावावर येऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशीही आले. मी खणलेले धोंडे उचलून बाहेर भिरकावत होतो. ते खाली उतरले आणि तेच धोंडे उताराच्या कडेला एकावर एक बसवू लागले. आठवडाभरात गुडघाभर ताल उभी राहिली, म्हणजे आता पावसानं माती वाहून जाणार नव्हती. त्यानंतर मी सकाळी पोचायचो तर ते माझ्याआधी हजर असायचे.

आई शेण गोळा करून आणायची. इंजिनं पाणी भरत त्या नळाचं सांडपाणी आबांनी चर काढून वाफ्यांत घेतलं. पौषात वांगी लागली होती, पावटा फुलावर होता, नवलकोलाचे गड्डे धरत होते आणि तालीवर भोपळ्याचा वेल चढला होता. आबा जेवताना बोलू लागले. कावळ्यांना शिव्या देत, माझ्या कांद्याच्या रोपांना नावं ठेवत, पण बोलत. आई मला हळूच म्हणाली, ही जिमीन जाऊ देऊ नको बाबा, लय दिसांनी हे घरात आल्यात.

तपासणी उद्यावर आली तेव्हा मी निर्धास्त होतो. संध्याकाळी कचेरीतून परस्पर मळ्याकडे गेलो. भरावावरून खाली पाहिलं आणि पाय थबकले. निम्मा तुकडा उघडा पडला होता. पावट्याचे वेल मुळासकट उपटलेले, बोराएवढी वांगी आणि कोवळे नवलकोल पाटीत. आई पाटी भरत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. आबा विळा घेऊन उरलेल्या वांग्यांत शिरले होते.

"आबा, काय करताय?"

"काडतोय. हाती लागंल तेवडं काडतोय."

मी कारण विचारलं. त्यांनी विळ्यानं कोपऱ्याकडे दाखवलं. तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या होत्या.

"दिसत न्हाई तुला? शिकलास न्हवं?"

मिस्त्री बांधावर उभे होते. ते म्हणाले, "बाबू, खुंट्या समद्यांच्यात ठोकल्यात, माझ्यातबी. उद्या साहेब येणार, तवा तुकडे मोजायला. दुपारधरनं सांगतोय. ऐकतंय कोण?"

"मोजायला," आबा म्हणाले. "तवाबी हेच म्हनले हुते. नुसतं मोजायला ठोकल्यात."

आणि पुन्हा खाली वाकले. मला ती हकीकत आईकडून माहीत होती. धरणाच्या वेळी अशाच पांढऱ्या खुंट्या खाचरांत ठोकल्या गेल्या. लोक म्हणाले, पाणी एवढ्यात कुठलं येतंय, लावणी करून घ्या. आबांनी लावणी केली. भाद्रपदात भात पोटरीत असताना पाणी चढलं. एक पेंढी हाती लागली नाही.

मी त्यांचं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा.

"सोड."

"नाही सोडणार. उद्या रान रिकामं दिसलं, तर जमीन खरोखरच जाईल."

"मंजी न्यायलाच येनार हायेत."

त्यांच्या मनगटाची शीर माझ्या मुठीत उडत होती. मग मी म्हटलं, "आबा, तेव्हा त्या लोकांपुढं बोलायला आपलं कोण होतं? उद्या मी आहे. त्यांच्या भाषेत बोलीन. एवढं राहू द्या."

"आनि त्यानं न्हाई ऐकलं तर?"

"तर उरलेलं मी स्वतः उपटीन."

ते विळा कमरेला खोचून तालीवर जाऊन बसले. अंधार पडेतो उठले नाहीत.

सकाळी साहेब आले, मागं हेडक्लार्क. आमच्या तुकड्याशी थांबून साहेबांनी इंग्रजीत विचारलं की अर्धी जागा ओसाड का. माझ्याआधी हेडक्लार्कच बोलले, की माणूस शिकलेला आहे पण शेती येत नाही. मी पुढं झालो आणि सरळ सगळं सांगितलं. खाचरं, खुंट्या, भाद्रपदातलं पाणी, कालची संध्याकाळ. साहेबांनी विचारलं, म्हणजे तुझे वडील या खुंट्यांना भितात? मी म्हटलं, भीत नाहीत, त्यांना अनुभव आहे.

हेडक्लार्क बुटांकडे बघू लागले. साहेब छडीनं ढेकूळ फोडत राहिले. शेवटी म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा येईन, तेव्हा सगळा तुकडा हिरवा दिसला पाहिजे, नाहीतर परत घेऊ. आणि मोजणी पुरी होईपर्यंत खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही.

मी आबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "खुंट्या हायेत तवर मी काय पेरत न्हाई." आणि परत उंबऱ्यात जाऊन बसले.

दिवस जात होते. उघड्या निम्म्याची माती तडकायला लागली. मी एकट्यानं पेरलं असतं तर उगवलंही असतं, पण मग तो मळा माझा झाला असता आणि उंबऱ्यातला माणूस उंबऱ्यातच राहिला असता. मी हेडक्लार्कना विचारलं, खुंट्या कधी निघणार. ते म्हणाले, हुकूम येईल तेव्हा.

रविवारी सकाळी मी मळ्यात गेलो आणि चारी खुंट्या हलवून हलवून उपटल्या. कचेरीतली टाचणीसुद्धा मी कधी घरी आणली नव्हती. खुंट्या घेऊन भर चाळीतून चालत आलो आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीपाशी, आबांच्या समोर टाकल्या.

"सायबानं इचारलं तर?"

"सांगीन."

"नोकरीचं काय?"

"बी.ए. आहे मी. कुठंही चार अक्षरं लिहून खाईन."

आबांनी एक खुंटी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि चुलीत सारली. मग दुसरी. चुना तडतडला. पाणी तापल्यावर मी त्यांना हाक मारायला गेलो तर उंबरा रिकामा होता आणि मेथीच्या बियांचं फडकं आईच्या डब्यातून गेलं होतं.

पुढच्या तपासणीला निम्मा तुकडा मेथीनं भरला होता. साहेबांनी खुंट्यांचं विचारलं, मी जाळल्या म्हणून सांगितलं. हेडक्लार्कनी माझा लेखी जबाब घ्यायचा म्हणून टिपून घेतलं. साहेब मेथीकडे बघत उभे राहिले, काहीतरी म्हणाले आणि मिस्त्रींच्या तुकड्याकडे वळले.

आबा तालीपाशी उभे होते. "काय म्हनला?"

"तुकडा राहू दे म्हणाले. मेथी बरी आहे म्हणाले."

"बरी?" आबा म्हणाले. "त्याला म्हनावं, वाकून बघ."