कारंज्याच्या हॉटेलातली तसबीर

माझी बायको वारल्यावर आठ महिन्यांनी मला कारंज्याच्या एका हॉटेलात दिसली. भिंतीवर टांगलेली होती.

(हसू नका. तेव्हा मीही हसलो नव्हतो.)

इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट. मी अन् दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, इंझोरीहून कारंज्याच्या बाजारात कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन आलो होतो. दादा बैलांपाशी थांबला, मी पाय मोकळे करायला निघालो. भर दुपार. हॉटेलात मालकाशिवाय चिटपाखरू नाही. वरच्या खोलीत उतरलेल्या कुण्या चिताऱ्यानं आपली चित्रं भिंतीभर लावली होती. वाघ, राजा, देऊळ... अन् खिडकीजवळ माझी मथुरा! तोंडावर पदर नाही, हनुवटीवर तीळ, कपाळावर गोंदण. मी डावीकडं सरकलो, तर तिचे डोळे डावीकडं! खांबाआड लपलो, तर वाटलं, आता वाकून पाहते!

घरात तिचा एक फोटो नाही. रोज तिचं तोंड आठवायचो अन् रोज ते थोडं पुसट व्हायचं. इथं ते जसंच्या तसं! पण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. ती गेल्यापासून तीनदा बाजारात परक्या बाईच्या मागं चालत गेलो होतो (एकीनं टोपलं फेकून मारलं). साक्षीदार पाहिजे होता. धावत जाऊन दादाला आणलं.

"काहून ओढून राह्यला बे मले?"

"मथुरा हाये आत! वळखून सांग फक्त."

"मेलेली बाई हाटेलात कायले येईन? अन् मी तिचं तोंड कवा पाह्यलं? भासरा हाये मी तिचा, नवऱ्याचा थोरला भाऊ! मले पाह्यलं का नाकापरेंत पदर. तीस वर्सं मी नुसते पाय पाह्यले तिचे."

"मंग पाय पाह्य!"

आत आलो अन् पाहतो तर काय! चित्रातल्या बाईच्या नाकापर्यंत पदर होता!

"मालक, हे चित्र कोनं बदलवलं?"

"कोनी हात नाई लावला, बाबा. अशीच तं हाये ते."

दादा वाकला. चित्रातल्या डाव्या पायाची करंगळी अर्धी होती. मथुराचीही अर्धीच, विळ्यानं गेली होती.

"तेच हाये रे," दादा झटकन सरळ झाला. "मले पाहून पदर दुसरं कोन घेईन?" अन् रीत म्हणून भिंतीकडं पाठ करून उभा राहिला!

मी त्याला बाहेर काढलं. डोळे मिटून येतात तेवढे आकडे मोजले (वीस).

"मथुरे, गेला तो!"

मला पदर हलल्यासारखा वाटला. तेवढ्यात दादा पायरीवर खाकरला! घरात शिरण्याआधी बायकांना कळावं म्हणून खाकरायचा, तसाच! पदर होता तिथंच राहिला.

पुढच्या बाजाराला एकटाच गेलो. चितारी निघून गेला होता, भिंत कोरी.

बायकोचं तोंड पाहायचं होतं मला. अन् साक्षीला अख्ख्या वऱ्हाडातून मी नेमका तिचा भासराच धरून नेला!