आडनावापलीकडचं

आई आतड्याच्या कॅन्सरनं गेली, म्हणून कोल्हापूरच्या एका दवाखान्यात मी दुर्बिणीच्या तपासणीला एकटीच गेले होते. शेजारी कागलकडच्या एक बाई बसल्या होत्या. नवरा याच आजारानं गेलेला, म्हणून दोन्ही लेकींना त्यांनी सासरहून आणलं होतं.

"सासरची म्हणत्यात, तू आता आमची. तुला कशाला तपासणी?" धाकटी कुरकुरली.

तिच्या गुडघ्यावर थोपटत बाई म्हणाल्या, "आडनाव बदललं गं. आतडं बदललं न्हाय."

धाकटीच्या आतड्यात लहानशी गाठ निघाली. कॅन्सर व्हायच्या आधीच सापडली, असं सांगून डॉक्टरांनी ती तिथंच काढली. पदरानं डोळे पुसून बाई माझ्याकडे वळल्या.

"जा की आता तू, पोरी."

अनोळखी माणसाशी मी सहसा बोलतही नाही. त्या दिवशी पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत गेले.