आक्कासाठी कॅप्चर कार्ड

आक्का भुसावळला जाणार हे कळलं आणि माझा पाय घरात ठरेना. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिचं सगळं आयुष्य गेलं, आता मुलाची बदली झाली. आजवर दर पंधरा दिवसांनी ती एस.टी.नं शिरूरला माझ्याकडं यायची आणि आम्ही दोघी गाड्यांच्या शर्यती खेळायचो.

टीव्हीला जोडलेल्या गेमवर, अर्थात. गेम नातीचा. तिला सणसवाडीला कंपनीत नोकरी लागली, तिथंच खोली घेतली आणि हे धूड माझ्याकडं ठेवून गेली, धूळ पुसत जा म्हणून. धूळ पुसता पुसता मी शर्यतीत तिसरी यायला लागले. आक्काची बोटं आखडलेली, तिला रिमोट धरवत नाही. ती शेजारी बसून हुकूम सोडते. वळण आलं की, "दाब की ब्रेक, म्हशी." तिच्याशिवाय मी एकदाच खेळून पाहिलं. पहिली आले आणि सांगावं कुणाला ते कळेना. रिमोट ठेवला, उगीच ओटा पुसला, परत येऊन बसले.

मग ठरवलं, खेळ लाइव्ह दाखवायचा. मी इथं खेळेन, ती तिकडं मोबाइलवर बघेल.

नातीला फोन लावला. ती म्हणाली, कॅप्चर कार्ड लागेल, म्हणजे गेमचं चित्र लॅपटॉपला पोचवणारी डबी. शिवाय माइक आणि वायर. जुना लॅपटॉप ती आणणार होती. रविवारी येते, तोवर काही घेऊ नकोस, असंही बजावलं. रविवार चार दिवसांवर. मी दुसऱ्या सकाळीच दुकानात.

इथं माझी तरुणपणची अक्कल सांगायला हवी. लग्नानंतर टेपरेकॉर्डर घ्यायला गेलो, तेव्हा मी दुकानातला एकेक टेप उचलून वजन पाहिलं होतं. जड तो चांगला. आणि गाण्याबरोबर नाचणारे लाल दिवे पाहिजेतच. घरी आल्यावर कळलं की याचा आवाज घोगरा आहे. तरी मी वर्षभर आल्यागेल्याला दिवे दाखवत होते, गाणं मात्र बारीक आवाजात लावून. इतकी शहाणी बाई.

तीच शहाणी परवा काउंटरवर डब्या तोलत होती. सगळ्यांत जड आणि रंगीत दिव्यांची उचलली. वायर घेताना तर मी शेतकऱ्याच्या घरची. विहिरीवरच्या मोटरला वायर आणायची तर आमच्यात मोजून कधी आणत नाहीत, चार हात जास्तच. पंधरा मीटर मागितली. दुकानदारानं, खोली केवढी आहे, असं विचारलं. त्याच्याकडं मी लक्ष दिलं नाही.

रविवारी नातीनं जोडणी केली. चित्र लुकलुकायला लागलं. येतंय, जातंय.

"आज्जी, आपल्याला मोटर नाही बसवायची," ती म्हणाली. स्वस्तातली वायर इतकी लांब असली की चित्र वाटेतच दमतं म्हणे. आणि डबीतून चित्र फक्त लॅपटॉपवर जात होतं, टीव्हीवर नाही. तिथंही जरा उशिरानं. वळण दिसेपर्यंत गाडी भिंतीत.

दुकानात जाऊन सगळं बदललं. आता साधी काळी डबी, हलकी, दिवा नाही. गेमची वायर एका भोकात, टीव्हीची दुसऱ्या भोकात, तिसरी लॅपटॉपला. माइक असा, की तोंडाजवळचंच ऐकतो, मागच्या पिठाच्या गिरणीचं नाही.

मंगळवारी आक्काची गाडी होती. म्हणून रविवारी दुपारीच दौंडला फोन लावून स्पीकरवर ठेवला. दुसऱ्या मोबाइलवर तिला माझी शर्यत दिसायला लागली. वळण आलं. हुकूम आला नाही. मी धडकले. सावरून सरळ रस्त्याला लागले, तेवढ्यात आक्का ओरडली, "ब्रेक दाब." मी दाबला. मागचा येऊन आदळला.

पाच मिनिटं आमचं भांडण झालं. मग नातीनं समजावलं की लाइव्ह चित्र तिकडं काही सेकंद मागून पोचतं, कुठलीही डबी घेतली तरी.

"म्हंजी मी सांगती ती वळणं तुझी होऊन गेल्याली असत्यात?" आक्कानं विचारलं.

"व्हय."

आक्का मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग. तू खेळ. मी नुसती बघती."

नुसती बघणारी आक्का मला नको होती. नात लॅपटॉपात काहीतरी शोधायला लागली, तिला म्हटलं, बस जरा. पुन्हा शर्यत लावली. वळण दिसलं तशी मी गाडी थांबवली. शेजारून सगळ्या गाड्या सुसाट गेल्या. माझे अंगठे शिवशिवत होते. नात माझ्याकडं बघत राहिली. मी मनात आकडे मोजत होते. सातला फोनमधून आवाज आला.

"ब्रेक दाब, म्हशी. हां. आता घे उजवीकडं."

घेतली उजवीकडं. पुढच्या वळणाला परत थांबले.

शर्यत संपल्यावर आक्कानं विचारलं, "कितवी आलीस?"

"बारावी."

"किती जणांत?"

"बारा."

"मी सांगत हुते म्हणून निदान भिंतीत तरी न्हाई गेलीस," ती म्हणाली. "उद्या लवकर बस. सामान बांधायचंय, पर मी येळ काढती."